आठवीनंतरच्या वाचकाला अद्भुत कादंबरी कशी सुचवावी

आठवी-नववीतला मुलगा ग्रंथालयाच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या एका हाताला बालविभाग असतो, दुसऱ्या हाताला कादंबऱ्यांचे कपाट असते, आणि या दोन्हींपैकी काहीच आपले नाही हे त्याला आत येण्यापूर्वीच कळलेले असते. बालविभागातील मोठ्या टाइपाची, चित्रांची पुस्तके हातात दिसली तर वर्गातील मुले चिडवतील आणि कादंबऱ्यांच्या कपाटातील संसाराच्या गोष्टींत त्याला अजून गोडी नाही. तेरा ते अठरा या वयातील वाचक मराठीत असा मधल्या बोळात अडकतो आणि तेथूनच मोबाइलकडे निघून जातो. या वयाला अद्भुत कादंबरी फार चांगली लागू पडते, असा तापीच्या उत्तरेकडील एका गावात शाळेचे ग्रंथालय सांभाळताना आलेला माझा अनुभव आहे. मात्र ती कशी वाचावी आणि कोणाला कशी सुचवावी याची एक रीत आहे. ती रीत मला बऱ्याच चुकांनंतर सापडली, म्हणून ती शिक्षकांसाठी, ग्रंथपालांसाठी आणि घरातील मोठ्या भावंडांसाठी येथे सविस्तर मांडतो.

'कुमारांसाठी उत्तम पुस्तके' अशा तयार याद्यांवर विसंबून हे काम होत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांपैकी दोन अशी आहेत की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. यादी दुसऱ्या सूत्राचे निम्मे काम करते. उरलेल्या कामासाठी पुस्तक आपण स्वतः वाचलेले असावे लागते, आणि समोरच्या मुलाच्या मनात आधीपासून कोणती गोष्ट घर करून बसली आहे हे ठाऊक असावे लागते. या दोन वाचनांची सांधेजोड म्हणजे शिफारस.

पहिली पायरी : काय अद्भुत आणि काय नाही

मुले 'भुताचं पुस्तक', 'जादूचं पुस्तक' आणि 'अवकाशाचं पुस्तक' हे शब्द सरसकट वापरतात, म्हणून आपल्या मनात तरी सीमा स्पष्ट असाव्यात. विज्ञानकथेत जे घडते त्याला, निदान कथेपुरते, विज्ञानाचे कारण दिलेले असते. भयकथेत आपलेच ओळखीचे जग असते आणि त्याला एके ठिकाणी तडा जातो. तिचे सारे बळ वाचकाच्या भीतीत असते. अद्भुत कादंबरीत जगाचे नियमच वेगळे असतात आणि तेथील माणसांना ते नियम स्वाभाविक वाटतात. पौराणिक पात्रांवरील कादंबरी ही चौथी जात. तिच्यात अद्भुत असतेच, पण वाचकाला कथानक आधीच माहीत असते, त्यामुळे तिची ओढ निराळी असते. भीती हवी असलेल्या मुलाला पऱ्यांच्या राज्याची कादंबरी दिली तर तो ती तिसऱ्या दिवशी परत आणतो आणि आपण म्हणतो की त्याला वाचनाची आवड नाही.

अद्भुत हे परदेशातून आलेले फॅड आहे, असे म्हणणारे सहकारी अधूनमधून भेटतात. त्यांना सांगावे की मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आली आणि त्यानंतर चारच वर्षांनी हळबे यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याही त्याच सुमारास. त्याहून मागे गेले तर 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य आपल्या पैठणशी जोडलेला आहे. राजाने पैशाची भाषेतील कथा म्हणून त्याचा ग्रंथ नाकारला, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि मग आगीत टाकी, अशी आख्यायिका आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मी ही आख्यायिका आवर्जून सांगतो, कारण दरबाराने हिणवलेल्या भाषेतही एवढा मोठा कथासागर असू शकतो हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे असते.

दुसरी पायरी : स्वतः वाचताना वही जवळ ठेवणे

शिफारस करणाऱ्याने अद्भुत कादंबरी वाचताना एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक पुस्तकाला एक पान द्यावे. माझ्या वहीत सहा-सात नोंदी ठरलेल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन मला सर्वांत मोलाच्या वाटतात : या जगात जादूचा नियम कोणता, आणि ती वापरल्याबद्दल काय किंमत मोजावी लागते. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ मधील 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते आणि ते नाव जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. पण गर्वाच्या भरात ती विद्या वापरणाऱ्या कोवळ्या नायकाच्या हातून एक काळी छाया मोकळी सुटते आणि पुढे तीच त्याचा पाठलाग करते. टॉल्किन यांच्या कादंबरीतील अंगठी माणसाला अदृश्य करते आणि हळूहळू त्याचा ताबा घेते. नियम आणि किंमत या दोन गोष्टी वहीत दोन वाक्यांत लिहिता आल्या तर पुस्तक आपल्याला समजले आहे असे धरावे. लिहिता येत नसतील तर दोष पुस्तकात तरी असतो किंवा आपल्या घाईत तरी. ज्या कथेत संकट आले की लेखक नवी शक्ती काढून देतो, ती कथा चौदा वर्षांचा वाचकही लगेच पकडतो, कारण त्याने खेळलेल्या मोबाइल गेमचे नियम त्याहून कडक असतात.

पुढची नोंद दाराची. नायक आपल्याच जगातून त्या जगात जातो, की कथा पहिल्या ओळीपासून तिकडेच सुरू होते? पहिला प्रकार नव्या वाचकाला सोपा जातो, कारण नायकालाही काही माहीत नसते आणि दोघे बरोबर शिकतात. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वीस-पंचवीस पानांत अनोळखी नावांचा पाऊस पडतो आणि सवय नसलेला वाचक तेथेच पुस्तक मिटतो. त्याला जोडून गोष्ट कोणत्या पानावर पकड घेते तेही टिपावे. 'तिसाव्या पानापर्यंत धीर धर, मग पुस्तकच तुला सोडणार नाही' असे नेमके सांगता आले तर वाचक ती तीस पाने पार करतो. 'हळूहळू आवडेल' या मोघम आश्वासनाने तो करत नाही.

त्यानंतर मालिकेची नोंद, आणि ही व्यवहाराची बाब असूनही बहुतेक जण येथेच चुकतात. अद्भुत कादंबऱ्या पुष्कळदा अनेक भागांच्या असतात आणि आपल्या ग्रंथालयात पहिला व चौथा भाग असतो, दुसरा कोणीतरी नेऊन परत आणलेला नसतो. म्हणून पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा होतो की अर्ध्यावर तुटतो, हे लिहून ठेवावे. टॉल्किन यांची १९३७ मधील 'द हॉबिट' एका भागात संपते. १९५४-५५ मधील 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मात्र तीन खंडांत छापलेली एकच कादंबरी आहे आणि तिचा पहिला खंड वाचकाला वाटेतच उभे करतो. हॅरी पॉटरच्या सात भागांपैकी पहिला, जो मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आला आहे, स्वतःपुरता पूर्ण आहे. त्या मालिकेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. भाग जसजसे पुढे सरकतात तसतशी कथा गडद होते आणि चौथ्या भागात एका विद्यार्थ्याचा खून होतो, म्हणून सहावीत पहिला भाग वाचलेल्या मुलाने त्याच महिन्यात चौथा मागितला तर थोडे बोलून द्यावा.

शेवटचा रकाना मी एका चुकीनंतर घातला. एका मुलीला मी निम्मीच वाचलेली एक कादंबरी मोठ्या उत्साहाने दिली होती. तिने ती दोन दिवसांत परत केली आणि काही न बोलता निघून गेली. पुढे वाचले तेव्हा कळले की उत्तरार्धात नायिकेची आई आजारपणात जाते. त्या मुलीच्या घरी त्या वर्षी तेच घडले होते, आणि ते मला माहीत होते. तेव्हापासून मृत्यू, हिंसा, प्रेमप्रसंग, छळ यांपैकी काय आहे आणि साधारण कोणत्या पानावर आहे, याची नोंद केल्याशिवाय आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी ते कोणाच्या हाती देत नाही. असे प्रसंग टाळावेतच असे नाही. दुःखातून गेलेल्या काही मुलांना तसेच पुस्तक हवे असते, पण ते मागण्याचा हक्क त्यांचा असावा.

तिसरी पायरी : वाचकाला काय विचारावे

'तुला काय आवडतं?' या प्रश्नाचे उत्तर 'काही पण' असे येते. त्याऐवजी 'अलीकडे कोणती गोष्ट तू स्वतःहून दुसऱ्याला सांगितलीस?' असे विचारावे. ती गोष्ट चित्रपटाची असेल, डब केलेल्या कार्टूनची असेल, गेममधली असेल किंवा आजीने सांगितलेली असेल. तिच्यातले काय सांगताना त्याचे डोळे मोठे होतात ते पाहावे. सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरण्याची चार दारे सांगितली आहेत : कथानक, पात्रे, स्थळ आणि भाषा. प्रत्येक वाचकाचे एक दार मोठे असते. 'आणि मग तो मेला असं वाटलं, पण…' असे सांगणारा कथानकाच्या दाराने येतो. 'तो ना, एकटाच राहायचा' असे सांगणारी मुलगी पात्राच्या दाराने येते आणि तिला लढायांची कादंबरी दिली तर ती लढाया ओलांडून दोन मित्रांमधले भांडण तेवढे शोधत बसते. स्थळाच्या दाराने येणाऱ्या मुलांना नकाशा असलेले पुस्तक द्यावे. अशी मुले वहीच्या मागच्या पानावर आपलेच एखादे राज्य काढत असतात. भाषेच्या दाराने येणारे या वयात कमी असतात, पण असतात, आणि त्यांच्यासाठी जी. ए. कुलकर्णी यांच्या रूपककथा नववी-दहावीत नक्की काढून ठेवाव्यात.

मुलगे आणि मुली यांची वेगळी कपाटे मनात करू नयेत. 'पऱ्यांच्या गोष्टी मुलींना, तलवारी मुलांना' या विभागणीमुळे चुकलेल्या शिफारशी माझ्या वहीत पुष्कळ आहेत.

चौथी पायरी : सातपुड्याची गोष्ट आणि पुस्तकातला राक्षस

खानदेशातील मुलाला अद्भुताची ओळख करून द्यावी लागत नाही. एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारले, हे त्याने सहलीत ऐकलेले असते. दिवाळीच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंब्याच्या शिखराकडे यात्रेकरू निघतात आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तेथे वावरतो असे सांगतात. कधीच न भरणारी जखम आणि न येणारे मरण ही कल्पना ज्याच्या कानावर लहानपणीच पडली आहे, त्याला 'अमरत्वाची किंमत' हा विषय समजावण्यासाठी परदेशी कादंबरीची गरज नाही. उलट तीच कल्पना घेऊन त्याला त्या कादंबरीपर्यंत नेता येते. 'अश्वत्थाम्यासारखाच एक जण या पुस्तकात आहे, त्याला मरण हवंय आणि मिळत नाही' एवढे वाक्य पुरते.

मात्र येथे सांभाळून बोलावे लागते. ज्याच्या घरचे लोक त्या यात्रेला अनवाणी जातात, किंवा ज्याच्या पाड्यावर याहामोगी मातेची पूजा होते, त्याच्या देवतेला 'फॅन्टसी' म्हणणे उद्धटपणाचे आहे. श्रावणात घरी कानबाई बसते तीही कल्पित पात्र नाही. पूल बांधताना 'ही आपली श्रद्धेची गोष्ट, आणि ही एका लेखकाने रचलेली गोष्ट' हे दोन्ही काठ वेगळे ठेवावेत.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. पुष्कळ अद्भुत कादंबऱ्यांत, देशी असोत वा परदेशी, दुष्टांची फौज काळ्या वर्णाची, रानात राहणारी, अनाकलनीय बोली बोलणारी असते. शहरी वाचक ते सहज ओलांडून जातो. पण माझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुले बसतात, आणि धनुष्यबाण घेतलेले जंगलातले लोक दर वेळी राक्षसांच्या बाजूने का उभे असतात, हा प्रश्न त्यांच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. एकाने तो मला विचारलाही. अशी पुस्तके कपाटातून काढून टाकावीत असे माझे मत नाही. पण ती देताना आपण हा प्रश्न आधी उच्चारावा : 'या कथेत राक्षसांची बाजू कोणी सांगितलेली नाही. तू सांगितलीस तर कशी सांगशील?' दोन वर्षांपूर्वी नववीच्या तिघांनी मिळून लिहिलेली बकासुराची बाजू मी वहीत जपून ठेवली आहे. गाडाभर अन्न आणि बैल त्याला नको होते, त्याला कोणीतरी जेवायला आपल्या पंगतीला बसवावे असे वाटत होते, असे त्यांनी लिहिले होते.

पाचवी पायरी : घरच्यांचा आक्षेप

'जादूटोण्याची पुस्तके वाचून पोरं बिघडतील' असे पालक म्हणतात, आणि 'आपण अंधश्रद्धेविरुद्ध शिकवतो आणि ग्रंथालयात जादूगार ठेवतो' असे शिक्षक म्हणतात. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही या बोलण्यात येतो. या आक्षेपाला हसू नये, तो प्रामाणिक असतो. मी उत्तर देतो ते असे : कादंबरीकार मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असे छापून आपण रचलेले सांगतो आहोत हे कबूल करतो, आणि भोंदूबाबाचा सगळा धंदा ती कबुली लपवण्यावर चालतो. कल्पित जगाचे नियम तपासून 'येथे लेखकाने फसवले' म्हणायला शिकलेला मुलगा अंगारा देणाऱ्याचेही नियम तपासू लागतो. तरीही ज्या आईवडिलांना पटत नाही त्यांना पुस्तकाची पहिली दहा पाने वाचून दाखवावीत. आमच्याकडे एका मुलाच्या आजोबांनी तसे ऐकता ऐकता पूर्ण पुस्तकच ठेवून घेतले, त्यामुळे मुलाला आठ दिवस थांबावे लागले.

सहावी पायरी : पुस्तक हातात देणे

एक पुस्तक पुढे करू नये, तीन करावीत. त्यांतले एक जाड, एक बारीक आणि एक कथासंग्रह असावा. एकच दिले की तो गृहपाठ होतो. प्रत्येकाबद्दल दोन मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये, शेवट सूचितही करू नये, आणि पुस्तकातील एखादा परिच्छेद, शक्यतो पेचात संपणारा, मोठ्याने वाचावा. ऐकणारे 'मंग काय व्हयनं?' असे आपापसांत विचारू लागले की तेथेच मिटावे. पन्नास पाने वाचूनही नाही आवडले तर परत करण्याची मुभा आधीच द्यावी, आणि परत आणणाऱ्याला कारण विचारताना आवाजात नाराजी येऊ देऊ नये.

अनुवादित पुस्तक देण्यापूर्वी त्याचे कोणतेही मधले पान मोठ्याने वाचून पाहावे. जीभ तीनदा अडखळली तर घरी अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला ते पान दुप्पट जड जाणार. अशा पुस्तकाचे पहिले प्रकरण आपण वर्गात वाचून द्यावे आणि पात्रांच्या नावांची एक चिठ्ठी आत ठेवावी. अडचण बहुतेकदा नावांचीच असते, कथेची नसते.

वेळही पाहावी. कापूस वेचणीच्या दिवसांत पुष्कळ मुले शेतात असतात, तेव्हा 'किशोर' मासिकाचे अंक किंवा लघुकथा द्याव्यात. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. जाड कादंबऱ्यांचा खरा हंगाम म्हणजे वार्षिक परीक्षा संपल्यापासून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेपर्यंतचा काळ. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, दुपारी बाराच्या पुढे कोणी घराबाहेर पडत नाही, आणि सहाशे पानांचे पुस्तक त्या चार तासांत सुखाने पुढे सरकते. सुट्टीसाठी पुस्तके देण्याची मुख्याध्यापकांची परवानगी मार्चमध्येच घेऊन ठेवावी.

पुस्तके कोठून आणावीत, हा प्रश्न उरतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये जिल्ह्यात आहेत. गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयात नसलेली पुस्तके तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात मिळू शकतात, म्हणून शाळेतील एका शिक्षकाने तेथे सभासद व्हावे. वर्षाच्या खरेदीत दहा मालिकांचे पहिले भाग घेण्यापेक्षा दोन मालिका पूर्ण घ्याव्यात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ बहुधा चोरीच्या असतात. त्या वाटू नयेत.

सातवी पायरी : पुस्तक परत आल्यावर

'तात्पर्य काय?' असे विचारू नये. 'कुठे थांबावंसं वाटलं नाही?' आणि 'लेखक कुठे चुकला?' हे दोन प्रश्न पुरे. दुसऱ्या प्रश्नाला मुले अधिक मोकळेपणाने उत्तर देतात. पुढचे पुस्तक त्याच वेळी तयार असावे, कारण चांगली कादंबरी संपल्यावरची भूक दोन-तीन दिवसच टिकते. ते पुस्तक मागच्यासारखे हुबेहूब नसावे : दार तेच ठेवून जग बदलावे, किंवा जग तसेच ठेवून दार बदलावे. आम्ही पुस्तकाच्या मागच्या कव्हरला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर वाचणाऱ्याने नाव न लिहिता फक्त इयत्ता लिहायची आणि 'हे कोणाला द्यावं' ते एका ओळीत सांगायचे. 'ज्याला भाऊ आवडत नाही त्याला', 'गणितात नापास झालेल्यांना', 'आमच्या सरांना सोडून कोणालाही' अशा ओळी तेथे साठल्या आहेत, आणि नवा वाचक आला की अलीकडे मी माझ्या वहीआधी तो कागद उघडतो.